भराव बसतोय म्हणून त्यावर आणखी भराव घालू नका

प्रश्न गोव्यात तिसवाडी तालुक्यातल्या खाजनाच्या, म्हणजे बांध घालून अडवलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, कडेला असलेल्या एका घराचा आहे. थोडक्यात हकिगत अशी: सखल शेतात दीड मीटर जांभ्या मातीचा भराव घातला, तो एक वर्ष तसाच ठेवला, मग पायलिंग करून, म्हणजे जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब (पायल) उतरवून, दुमजली घर बांधलं. घराला आता सात वर्षं झाली. कंपाउंडची भिंत जवळजवळ वीतभर खाली गेली आहे. पुढच्या पायऱ्या घरापासून सुटल्यात, तळमजल्याच्या लाद्या पोकळ वाजतात, आतल्या दोन भिंतींना तिरके तडे गेलेत आणि सेप्टिक टाकीकडे जाणारा पाइप दोनदा तुटला. शेजारच्या विहिरीवर टँकर भरतात. घरमालकांनी विचारलंय की हे भूस्खलन म्हणायचं का, अर्जात आणि विम्याच्या कागदात कोणता शब्द लिहायचा, टँकरमुळे झालं का, उत्तराखंडातल्या जोशीमठसारखं होईल का, आणि गवंडी म्हणतो तशी पावसाआधी चार ट्रक माती टाकून अंगण पुन्हा लेव्हलला आणावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पाऊस तोंडावर आला की माणसं ट्रक बोलावून मोकळी होतात. माती टाकू नका. तुमचं अंगण ज्या कारणानं खाली जातंय, तेच कारण तुम्ही आणखी चार ट्रकांनी वाढवणार आहात.

मी माती आणि पाया यांचं काम करतो. गोव्यात खाजनाच्या कडेला बांधलेली जी घरं बघायला बोलावतात, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट तुमच्यासारखीच असते, आणि बहुतेक ठिकाणी दर मे महिन्यात मातीचा नवा थर पडलेला असतो. घरमालकाची समजूत अशी असते की भराव नीट रोलिंग न केल्यामुळे बसला. थोडंफार खरं असतं ते, पण सैल भराव आपल्या आपण बसायचा तो पहिल्या एकदोन पावसाळ्यांत बसून जातो. सातव्या वर्षीही अंगण खाली जात असेल, तर बसतोय तो भराव नव्हे, त्याच्या खालचा चिखल. वरून कितीही रोलर फिरवला तरी त्या चिखलाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खाजन म्हणजे काय हे गोयकाराला सांगायला नको, पण ज्यांनी बाहेरून येऊन प्लॉट घेतलाय त्यांच्यासाठी सांगतो. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या खाड्यांच्या काठची खारफुटीची दलदल आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून अडवली, मानशी म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची दारं बसवली, भरतीचं पाणी हवं तेव्हा आत घेतलं आणि नको तेव्हा बाहेर ठेवलं. गोव्यात अशी सुमारे १७-१८ हजार हेक्टर जमीन आहे. ती मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली असते. वर भात पिकतं, मिठागरं चालतात, मानशीशी मासळी सापडते, आणि खाली नदीनं आणि समुद्रानं हजारो वर्षं आणून टाकलेला मऊ गाळ असतो. भातासाठी ही जमीन उत्तम. तिच्यावर कोणी वजन टाकेल असा विचार ती बांधणाऱ्या गावकाऱ्यांनी कधी केलाच नव्हता.

माती तपासायला बोअर घेताना हा चिखल हातात येतो तेव्हा काळपट राखाडी दिसतो, शिंपल्यांचे तुकडे त्यात असतात, आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. आमच्या नेहमीच्या चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. घट्ट जांभ्यात पन्नास ठोके मारले तरी नळी हलत नाही. खाजनाच्या चिखलात पुष्कळदा हातोडा उचलावाच लागत नाही. रॉड जोडला की तो स्वतःच्या वजनानं खाली जातो. हा चिखल दोन बोटांत दाबून बघा. बोटं सहज रुततात आणि दाबलेल्या जागी पाणी चमकतं. त्याच्या आकारमानात अर्ध्याहून जास्त वाटा पाण्याचाच असतो.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून वर वजन ठेवतात. पाणी हळूहळू गळत राहतं आणि चक्का आटत जातो. गोळा लहान असेल तर लवकर होतो, मोठा असेल तर रात्र जाते. चिखलाचं नेमकं हेच होतं. भराव टाकला की त्याचं वजन आधी चिखलातल्या पाण्यावर येतं. त्या पाण्याला वाट मिळेल तसं ते निघून जातं, मग वजन मातीच्या कणांवर येतं, कण जवळ सरकतात आणि जमीन खाली बसते. इंजिनिअर कार्ल तेरझागी यांनी १९२५ साली हे गणितात मांडलं, आणि आजही जगभर पाया बांधताना त्याच गणितावर काम चालतं. आम्ही त्याला कन्सॉलिडेशन म्हणतो.

तुमच्या प्लॉटचा बोअर अहवाल मी पाहिलेला नाही, म्हणून अशा मातीत नेहमी सापडणारे आकडे धरून हिशोब दाखवतो. चिखल ५ मीटर जाड धरा. त्याच्यावर दीड मीटर भराव, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २.७ टन वजन. एवढ्या वजनानं हा चिखल शेवटी ४५ सेंटिमीटरच्या आसपास बसेल. त्याला लागणारा वेळ मात्र पाण्याच्या वाटेवर ठरतो. चिखलाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे वाळूचा थर असेल, तर नव्वद टक्के बसणं पाचेक वर्षांत उरकतं. पाणी एकाच बाजूनं निघत असेल, तर त्याला वीसएक वर्षं लागतात. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. ही गोष्ट बिल्डरांना पटवणं फार जड जातं, कारण त्यांचा प्रकल्प दोनतीन वर्षांत हातावेगळा व्हायचा असतो आणि चिखलाचं वेळापत्रक वेगळं असतं.

तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळतं. भराव पडून आठ वर्षं झाली. या हिशोबानं आतापर्यंत एकूण २८ सेंटिमीटर बसणं झालेलं असणार. त्यातलं सुमारे १० पहिल्या वर्षीच, घर उभं राहण्याआधी, होऊन गेलं. राहिलेलं १८ तुमच्या डोळ्यांदेखत झालं, म्हणजे तुम्ही म्हणता ती वीत. सध्या वर्षाला दीड सेंटिमीटरच्या आसपास वेग असेल, आणि पुढच्या दहा वर्षांत आणखी १० सेंटिमीटर जातील. बोअर घेतल्यावर हे आकडे बदलतील, पण त्यांचं वळण बदलणार नाही: आधी भराभर, मग सावकाश, मग अगदी सावकाश.

आता त्यावर ३० सेंटिमीटर माती टाका. चौरस मीटरला आणखी अर्धा टन वजन पडलं. त्यानं चिखल शेवटी आणखी ५ सेंटिमीटर बसणार, आणि उताराला लागलेला वेग पुन्हा वाढणार. एका वर्षी हे फारसं जाणवत नाही. पण दरवर्षी हेच करणाऱ्या घरात मी खणून बघितलं आहे: जुन्या फरशीवर माती, तिच्यावर पुन्हा फरशी, पुन्हा माती. मालक अंगण वर उचलतोय असं समजत होता आणि मूळ अंगण आणखी खोल जात होतं.

तुमच्या घराकडे वळतो. वाचून मला बरंच हायसं वाटलं ते यासाठी की घर पायलवर आहे आणि खांबांना, बीमना तडे असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पायल चिखलातून पार होऊन खालच्या घट्ट थरात टेकले असतील, तर घराचा सांगाडा जागच्या जागी आहे आणि भोवतालची जमीन त्याच्यापासून खाली चालली आहे. पायऱ्या सुटल्या, कारण पायऱ्या भरावावर आणि घर पायलवर. लाद्या पोकळ वाजतात, कारण तळमजल्याची फरशी बीमवर टेकवलेली नाही, ती भरावावर नुसती अंथरलेली आहे आणि खालची माती तिला सोडून गेली. ज्या दोन भिंतींना तिरके तडे आहेत, त्यांच्याखाली बीम आहे का ते नकाशावर बघा. माझा अंदाज, नाही. मागाहून वाढवलेल्या अशा आतल्या भिंती बहुतेक वेळा थेट फरशीवरच उभ्या केलेल्या असतात. पाइप तुटला, कारण त्याचं एक टोक घराला बांधलेलं आणि दुसरं टाकीबरोबर खाली निघालेलं.

मेक्सिको सिटीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. ते शहर जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेलं. तिथला स्वातंत्र्यदेवतेचा उंच स्तंभ १९१० साली खोल पायावर उभारला. भोवतालचा रस्ता पुढे इतका खाली गेला, की स्तंभापर्यंत चढायला मागाहून चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या. स्तंभ वर आला नाही, शहर खाली गेलं. तुमच्या दारातल्या पायऱ्यांचं कोडं तेच आहे.

पायलच्या बाबतीत एक गोष्ट मात्र तपासून घ्यायलाच हवी, आणि लहान घरांच्या डिझाइनमध्ये ती सर्रास सुटते. चिखल खाली सरकताना पायलच्या अंगाला धरून त्यालाही खाली ओढतो. नेहमी ज्या घर्षणानं पायलला आधार मिळतो, तेच इथे उलटं होऊन ओझं बनतं. ४० सेंटिमीटर व्यासाचा पायल ५ मीटर चिखलातून जात असेल, तर हे ओझं ७-८ टनांच्या घरात जाऊ शकतं. भराव वाढवला की चिखलाची ओढ वाढते. माती टाकू नका म्हणण्यामागे हे दुसरं कारण आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठं. तुमच्या इंजिनिअरला पायलचा हिशोब काढायला सांगा आणि त्यात ही खालची ओढ धरली होती का, एवढंच विचारा.

आता शब्दाचं. बोलण्यात आपण जमीन खचली, बसली, दबली, धसली असं काहीही म्हणतो आणि त्यानं काही बिघडत नाही. कागदावर मात्र बिघडतं. भूस्खलन म्हणजे दरड, डोंगरउतारावरून माती घसरून येणं. तुमच्या सपाट शेतात ते होऊच शकत नाही, आणि अर्जात तो शब्द घातला तर बघायला येणारा अधिकारी पाच मिनिटांत परत जाईल. जमिनीच्या पोटातलं पाणी, खनिज किंवा माती गेल्यामुळे विस्तृत भाग हळूहळू खाली जातो, त्याला परिभाषेत अवतलन किंवा भू-अवतलन म्हणतात. तुमचं जे झालंय ते कागदाच्या भाषेत ‘भराव घातलेली जमीन बसणे’. घराच्या विम्यात या तिघांची वेगवेगळी वासलात लागते. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात जमिनीचं अवतलन, भूस्खलन आणि खडक घसरणं यांना संरक्षण आहे. पण त्याच कलमात अपवादही लिहिलेत: नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडे, भराव घातलेल्या जमिनीचं बसणं किंवा सरकणं, नदी-समुद्राची धूप, सदोष डिझाइन वा काम, आणि खोदकाम वा बांधकामामुळे झालेलं नुकसान. म्हणजे तुमचा दावा दुसऱ्याच अपवादात अडकतो. शब्द बदलून तो सुटणार नाही, कारण सर्व्हेअर बोअर अहवाल मागेल आणि त्यात भराव दिसेल. खरं ते लिहा. विम्याच्या पैशांवर दुरुस्तीचा बेत आखू नका, एवढंच सांगेन.

पंचायतीकडे किंवा नगरनियोजन खात्याकडे जायचं कारण वेगळं असू शकतं. शेजारच्या प्लॉटमध्ये नवा भराव पडतोय का बघा. शेजाऱ्याच्या भरावाचं वजन त्याच्या कुंपणाशी थांबत नाही. चिखलात ते बाजूलाही पसरतं आणि तुमची भिंत त्याच्याकडे कलायला लागते. गोव्याच्या नगर आणि ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला बंदी आहे. तक्रार करायची तर याच कलमाखाली करा, आणि भिंत कुठे किती कललीय याचे तारीखवार फोटो जोडा.

टँकरचा प्रश्न रास्त आहे. विहिरीतलं पाणी काढल्यानं जमीन बसते हे जगभर सिद्ध झालेलं आहे. टोकियोचा सखल भाग त्यानं मीटरच्या मापात खाली गेला आणि उपशावर निर्बंध आल्यावर बसणं आवरलं. गणित सोपं आहे: चिखलातल्या पाण्याची पातळी एक मीटरनं कायमची उतरली, तर तो चिखलावर अर्धा मीटर माती टाकण्याइतकाच भार होतो. पण तुमच्या बाबतीत मी पहिला संशय टँकरवर घेणार नाही. खाजनाच्या कडेला नदी सतत पाणी पुरवत असते, त्यामुळे पातळी कायमची उतरत नाही. विहीर जास्त उपसली तर आधी पाणी खारं होतं. शेजारची विहीर टेकडीच्या पायथ्याला जांभ्यात असेल तर आणखीच कमी संशय, कारण जांभ्याचा सांगाडा ताठ असतो, त्यातलं पाणी उतरलं तरी तो दबत नाही. विहिरी आटणं हा गोव्यात स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे, त्यासाठी २००२ चा भूजल नियमन कायदाही आहे, आणि बेकायदा उपशाबद्दल जरूर तक्रार करा. फक्त अंगण खचण्याचं खापर त्याच्यावर फोडून भरावाला मोकळं सोडू नका.

जोशीमठची भीती मनातून काढून टाका. ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर, उतारावर वसलेलं आहे. १९७६ साली मिश्रा समितीनं तिथे मोठी बांधकामं करू नका असं सांगितलं होतं. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत तिथली जमीन ५.४ सेंटिमीटर खाली गेल्याचं इस्रोनं उपग्रहाच्या रडार-प्रतिमांवरून मोजलं. तिथे वेग वाढत होता. तुमच्याकडे तो कमी होत असायला हवा. हा फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो घरबसल्या मोजता येतो.

कसा, ते सांगतो. पायलवरचं घर हाच तुमचा पक्का मापबिंदू. जोत्याच्या बीमवर चारपाच जागी खिळ्यानं बारीक रेघ मारा, तिच्या बरोबर खाली अंगणात काँक्रीटचा छोटा ठोकळा बसवा, आणि दोहोंमधलं अंतर स्टीलच्या टेपनं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी, तीच टेप, तोच माणूस. मग गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन घराच्या सगळ्या खांबांवर एकाच पातळीची खूण करा आणि वर्षानं ती पुन्हा तपासा, म्हणजे मापबिंदू स्वतः हलत नाही ना ते कळेल. चार मीटर अंतरावरच्या दोन खांबांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर पायासाठीच्या भारतीय मानकाची मर्यादा गाठली असं समजा आणि त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भिंतीतल्या तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीनं चिकटवा आणि तिच्यावर तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा जिवंत आहे. प्लास्टर खरवडून, रंग देऊन तडा झाकू नका. तो तुमचा पुरावा आहे.

एक वर्षाची मापं हातात आली की बघा. दर तिमाहीचं बसणं हळूहळू कमी होत असेल, तर हिशोबाप्रमाणे चाललंय. तेच राहिलं किंवा वाढलं, तर दुसरं कारण आत शिरलंय: फुटलेल्या पाइपमधून माती वाहून जातेय, शेजारी भराव पडलाय किंवा तळघरासाठी पाणी उपसतायत. पावसाळ्यात एकाएकी खड्डा पडला, तर ती नक्कीच माती वाहून गेल्याची खूण. चिखल दबून कधी खड्डा पडत नाही. २०२३ साली पणजीत मलनिस्सारण वाहिन्यांची कामं चालू असताना रस्त्यांत ट्रक रुतले, ते या दुसऱ्या जातीचं खचणं. चर खोदून नीट न भरलेली माती पाण्यानं बसली किंवा वाहून गेली. तिथे पाच-वीस वर्षांचा हिशोब लागू नाही, तिथे एका रात्रीत होतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण टेकडीवर आणि सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या जांभ्या पठारावर, राहणारेही हेच विचारतात. वरचा जांभा कडक असतो म्हणून तिथे पाया निर्धास्त समजला जातो. पण जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट, गुलाबी, पिवळसर अशी मऊ माती असते. कोरडी असताना ती उभी राहते. पाणी लागलं की साबणासारखी सुटते. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा या मातीनं किती छळला ते आठवा. वारंवार कोसळत राहिल्यानं संपूर्ण मार्गातला तो अगदी शेवटचा दुवा राहिला, तो पुरा झाला तेव्हा कुठे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण रेल्वे सुरू झाली, आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा त्याच बोगद्यात चिखल-पाणी शिरून गाड्या अडकल्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अशा मातीतून पाण्यानं एक वाट शोधली, की आत पोकळी होत जाते आणि एक दिवस वरचा जांभा बसतो. सड्यावरच्या घरानं पागोळ्यांचं आणि शोषखड्ड्याचं पाणी पायापासून लांब नेणं, हा तिथला निम्मा इलाज. आणि घाटावरून आलेले ओळखीचे इंजिनिअर काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याचं कारण सांगतील. ते विदर्भ-मराठवाड्यात खरं आहे, आपल्या जांभ्या मातीत ती खोड जवळपास नाही.

तुमच्या दुरुस्तीकडे परत येतो. सिमेंटचं इंजेक्शन देणारी माणसं तुमच्याकडे येतीलच. फरशीखालची पोकळी भरायला हलकं फोम काँक्रीट चालेल, पण साधं सिमेंट ग्राउट मऊ चिखलात कुठे जाईल ते देव जाणे, आणि जाईल तिथे वजनच वाढवेल. त्यापेक्षा तळमजल्याची फरशी काढून, खांबांमधल्या बीमवर टेकणारा स्लॅब टाकणं हा कायमचा इलाज. खर्च आहे, धूळ आहे, पण एकदाच आहे. खोली-खोली करून करता येतं. तो स्लॅब झाला की आतल्या भिंतींना आधार मिळतो आणि मगच त्यांचे तडे भरायचे, आधी नव्हे.

अंगण उंच हवंच असेल तर आधी वरची दोन फूट जांभी माती काढा, आणि तिच्याजागी हलकं भरण घाला. यासाठी कारखान्यात बनणारे थर्माकोलचे मोठे ठोकळे मिळतात. मातीचं वजन घनमीटरला १८०० किलो, तर त्यांचं वीसएक किलो. पूर आला की मात्र ते तरंगून वर येऊ पाहतात, म्हणून त्यांच्यावर किती माती किंवा काँक्रीट हवं याचा हिशोब लागतो. हे काम ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका. एवढं नको असेल तर वाळूवर सुटे पेव्हर ब्लॉक लावा. बसले की उचलायचे, वाळू सारखी करायची, परत लावायचे. अंगणाला काँक्रीटचा कोबा करू नका. तो फुटणार आणि वजनही टाकणार. कंपाउंडची चिऱ्यांची भिंत पडायला आलेला भाग काढून तिथे तारेचं कुंपण आणि झाडी करा. चिऱ्याची भिंत ही मऊ जमिनीवर ओढलेली जड पट्टी आहे, ती अंगणापेक्षा जास्त खाली जाणारच.

ज्यांनी अजून बांधलेलं नाही त्यांच्यासाठी रस्ता मोकळा आहे. चिखलात एक-दीड मीटर अंतरावर प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्या खुपसतात, पाणी त्यांतून वर येतं, आणि वर जास्तीचा भराव तात्पुरता ठेवून वीस वर्षांचं बसणं काही महिन्यांत उरकता येतं. मग जास्तीची माती काढून न्यायची आणि बांधायचं. याला पीव्हीडी म्हणतात. त्यालाही मर्यादा आहे: जपानचा कान्साई विमानतळ १९९४ साली समुद्रात केलेल्या बेटावर सुरू झाला. वरच्या चिखलावर असाच इलाज केला होता, पण त्याच्याही खालचे खोल थर दबत राहिले आणि बेट एकूण ११ मीटरहून जास्त खाली गेलं. आपल्या खाजनात चिखल इतका खोल नसतो, पण किती खोल आहे हे बोअर घेतल्याशिवाय कळत नाही. आणि माझं मत विचाराल, तर कोरगुट हा खाऱ्या जमिनीतला भात पिकवणारी, भरतीचं पाणी सामावून घेणारी ही जमीन भरूच नये. ती भरली की तिच्यात मावणारं पाणी शेजारच्या वाड्यावर जातं. १६३३-३४ मध्ये पोर्तुगिजांनी पणजी ते रायबंदर हा लांबलचक सेतू याच चिखलातून नेला. आज त्यावरून गाड्या धावतात. त्यांनी मिठागरं भरून काढली नाहीत, पाणी जाऊ-येऊ देणाऱ्या कमानी ठेवल्या. गरज होती तेवढीच पट्टी घेतली.

राहिला पाइप. तो तिसऱ्यांदा तुटण्याआधी हे करून घ्या. घरातून बाहेर पडणारा पाइप जोत्याच्या बीमला हूक मारून लटकवा, मातीवर टेकवू नका. घराबाहेर पडताच एक आणि टाकीच्या तोंडाशी एक, असे दोन रबरी रिंगचे लवचीक सांधे घाला. पुढच्या दहा वर्षांत टाकी १० सेंटिमीटर खाली जाणार हे धरून, ती तेवढी बसली तरी पाइप सांध्यातून निखळणार नाही इतकी लांबी आत सोडा. टाकी बदलायची वेळ आली तर काँक्रीटची न घेता हलकी फायबरची घ्या, आणि रिकामी असताना पावसात ती वर उचलली जाणार नाही यासाठी तळाशी बांधून घ्या. दुरुस्तीला नोव्हेंबरमध्ये हात घाला, पाणी उतरलेलं असतं आणि खड्डा उभा राहतो. मापं मात्र आजपासूनच लिहायला लागा.